वापर चालू

दशरथ निकाळजे यांनी इमारत विकत घेताना सगळं तपासलं होतं. नळ सोडून पाहिले, बंद करून पाहिले. भिंतींवर रुपयाचं नाणं वाजवत फिरले आणि जिथे गिलावा पोकळ वाजला तिथे खडूनं फुली मारली. पाण्याच्या टाकीत स्वतः उतरले. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध घेतला आणि वकिलानं तो नीट घेतलाय ना, हे पाहायला निबंधकाच्या कार्यालयात जाऊन तीच रजिस्टरं पुन्हा चाळली. शेवटी विकणारे श्याम आपटेच कंटाळले. "निकाळजेसाहेब," ते म्हणाले, "मी जावई करतानासुद्धा इतकं बघितलं नव्हतं. आणि जावई परत करता येत नाही."

एवढं करून एक गोष्ट पाहायची राहिली. शहराच्या नव्या विकास आराखड्यात त्या जागेला कोणता रंग दिलाय, ती. वास्तविक दशरथरावांची सगळी नोकरी नकाशे रंगवण्यात गेली होती. पाटबंधारे खात्याच्या आरेखन शाखेत तेहतीस वर्षं त्यांनी कालवे निळे केले, शेतं हिरवी केली, वस्त्या पिवळ्या केल्या. पण दुसऱ्यांच्या जागा रंगवणाऱ्या माणसाला आपल्या जागेलाही रंग असेल, हे कसं सुचावं?

इमारत बिबवेवाडीत एका गल्लीच्या टोकाला होती. दोन मजले, चार ब्लॉक, दारावर सिमेंटच्या अक्षरात नाव, 'निश्चिंत'. शेजारी पत्र्याचे डबे करणारा एक बंद पडलेला कारखाना. फंड, ग्रॅच्युइटी, सुंदराबाईंच्या बांगड्या, सगळं त्या चार ब्लॉकमध्ये गेलं होतं. सरकारी क्वार्टर सोडून दोन नंबरमध्ये तिघांनी राहायचं, बाकीच्या ब्लॉकांच्या भाड्यावर म्हातारपण काढायचं आणि त्याआधी मुलीचं, मैत्रीचं, लग्न उरकायचं, असा साधा बेत होता. साल दोन हजार चार. जो तो आयटीवाल्यांना भाड्यानं घर देऊन सुखी होत होता. आपणही होऊ, असं दशरथरावांना वाटलं. चिंता करणाऱ्या माणसाला आयुष्यात एखाद्याच वेळी असं वाटतं, आणि तेव्हाच नेमकं चुकतं.

ऑक्टोबरात परतीच्या पावसानं तीन नंबरचं छत गळलं. गच्चीवर पत्र्याची शेड टाकायची म्हणून दशरथराव परवानगीचा अर्ज घेऊन पालिकेच्या कार्यालयात गेले. तिथे मच्छिंद्र ढमढेरे नावाचे कनिष्ठ अभियंता बसले होते. त्यांनी अर्ज वाचला, एक भला मोठा नकाशा टेबलावर पसरला आणि एका जागी बोट ठेवलं.

"ही तुमची इमारत?"

दशरथरावांनी चष्मा वर केला. खाली केला. पुन्हा वर केला. "जांभळा?" ते म्हणाले.

"रंग कळतात वाटतं तुम्हाला," ढमढेरे म्हणाले. "बरं झालं. समजवायचं वाचलं."

"अहो, पण जांभळा म्हणजे कारखाने. इमारत एक्क्याऐंशी सालची आहे. मंजूर नकाशा आहे माझ्याकडे. राहती घरं आहेत."

"तेव्हा पिवळं होतं. आता जांभळं झालं."

"मग आता आम्ही राहायचं नाही?"

"राहा की. आधीपासूनचा वापर चालू ठेवता येतो. फक्त वाढवायचं नाही, बदलायचं नाही. इमारत पडली तर तिथे पुन्हा घरं बांधता येणार नाहीत. आणि वापर खंडित झाला, सहा महिने बंद राहिला, की हक्क गेला. मग तिथे कारखाना काढा."

"मी निवृत्त माणूस. मी कसला कारखाना काढू?"

"गोडाऊन काढा."

"आणि माणसांनी राहायचंच नाही तिथे?"

"वॉचमनची खोली चालते."

"चार ब्लॉक आहेत, साहेब."

"मग चार वॉचमन ठेवा," ढमढेरे मान वर न करता म्हणाले. मग त्यांना थोडी दया आली असावी. "घाबरू नका. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या पट्ट्यात पाहणी आहे. आमची माणसं येऊन बघून जातील. वापर चालू दिसला की तशी नोंद होईल. एकदा नोंद झाली की तुम्हाला काही त्रास नाही."

दशरथराव बाहेर येऊन स्कूटरवर बसले. पण स्कूटर सुरू करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. 'खंडित' हा शब्द कानात माशीसारखा घोंगावत होता. एक नंबरमध्ये हेमा लिमये म्हणून निवृत्त शिक्षिका अठरा वर्षांपासून भाड्यानं होत्या, तिथे काळजी नव्हती. चार नंबरमध्ये केदार आणि तनया हे आयटीतलं जोडपं होतं. पण दोन आणि तीन? श्याम आपटे मे महिन्यात मुलाकडे बंगलोरला गेले, तेव्हापासून दोन्हींना कुलूप. म्हणजे सहा महिने पुरे व्हायला उरले तेवीस दिवस!

हा नियम अख्ख्या इमारतीला आहे की प्रत्येक ब्लॉकला, हे त्यांनी ढमढेऱ्यांना विचारलं नव्हतं. घाबरट माणूस असे प्रश्न विचारत नाही. जे उत्तर सगळ्यात वाईट असेल ते तो स्वतःच धरून चालतो.

घरी येऊन त्यांनी सगळा प्रकार सांगितला. सुंदराबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"मग भाडेकरू ठेवा की तीन नंबरमध्ये."

"छत गळतंय. गळक्या घरात कोण येणार? आणि छत दुरुस्त करायचं तर परवानगी नाही."

"मग?"

दशरथराव जरा घुटमळले. "मी काय म्हणतो, मी आणि मैत्री दोन नंबरमध्ये राहतो. तू तीनमध्ये."

आता मात्र हात थांबला. "म्हणजे मी एकटी?"

"एकटी म्हणजे, कागदोपत्री एकटी. जेवायला खाली ये. नाही, नको. जेवायला खाली आलीस तर तिकडची चूल बंद दिसेल. गॅस, वीज, पाणी, सगळ्याचा वापर दिसला पाहिजे."

"अहो, दहा बाय बाराच्या खोलीत आपण पाच माणसं राहिलो तेव्हा कुणी विचारलं नाही. आता चार ब्लॉकचे मालक झालो, तर नवराबायकोनं वेगळं राहायचं?"

"डिसेंबरपर्यंतच गं."

सुंदराबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "गळतंय कुठे नेमकं?"

"बाहेरच्या खोलीत. कोपऱ्यात."

"बादली ठेवीन," त्या म्हणाल्या, आणि प्रश्न मिटला.

पुढच्या आठवड्यात निकाळजे कुटुंब 'निश्चिंत'मध्ये राहायला आलं आणि जिन्यातच वाटणी झाली. फ्रिज खाली राहिला, मिक्सर वर गेला. बाबासाहेबांची तसबीर खालच्या भिंतीवर लागली, बुद्धमूर्ती सुंदराबाईंनी पदराखाली धरून वर नेली. टीव्ही एकच होता. तो विजेचा वापर जास्त दाखवतो म्हणून दशरथरावांनी गळक्या ब्लॉकाला दिला आणि त्या दिवसापासून बातम्या ऐकायला ते रेडिओला कान लावून बसू लागले.

तरी त्यांचं मन भरेना. नुसतं राहून काय होतं? पुरावा हवा. ते शिधापत्रिकेच्या कार्यालयात गेले आणि बायकोचं नाव वेगळ्या कार्डावर मागू लागले. तिथल्या बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वेगळं होण्याचं कारण?"

"इमारत," दशरथराव म्हणाले.

"मालमत्तेचा वाद," बाईंनी लिहिलं. "प्रतिज्ञापत्र लागेल."

प्रतिज्ञापत्र करायला ते सुंदराबाईंना घेऊन नोटरीकडे गेले. 'आम्ही उभयता पती-पत्नी स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये राहत असून आमची चूल वेगळी आहे,' असा मजकूर नोटरीनं मोठ्यानं वाचून दाखवला. मग त्यानं शिक्का उचलला आणि तो हवेतच धरला.

"आजोबा, या वयात? पुन्हा एकदा विचार करा. आजी चांगल्या दिसतात हो."

"मीही त्यांना तेच सांगते," सुंदराबाई म्हणाल्या. "मारा तुम्ही शिक्का. आम्हाला येताना गवार घ्यायची आहे."

हेमाताईंच्या नजरेतून काहीच सुटत नव्हतं. एक दिवस त्यांनी दशरथरावांना जिन्यात गाठलं. "निकाळजे, मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं. खोटं मला लांबून कळतं. तुमचं भांडण झालेलं नाही. मग हे काय चाललंय?"

दशरथरावांनी सांगून टाकलं. ऐकून घेतल्यावर हेमाताई म्हणाल्या, "अस्सं. म्हणजे मी गेले तर तुमचा एक ब्लॉक गेला."

"तसं नाही, तुम्ही आपल्याच..."

"तसंच आहे. आपटे मला अठरा वर्षं घालवायला बघत होते. नळ बंद केला, दिवा काढला, जिन्यात कुत्रं बांधलं. आणि तुम्ही मला जाऊ नका म्हणताय. पुण्यात भाडेकरूला हे ऐकायला मिळणं म्हणजे... असो. दिवाळीला मी पंधरा दिवस नाशिकला बहिणीकडे जाणार होते."

दशरथरावांचा चेहरा पडला. "पंधरा दिवस?"

"तुमच्याकडे बघून वाटतंय की मी तिकडेच मरणार आहे. चार दिवसांत येते. पण जायच्या आधी मोरीचा नळ बदलून द्यायचा."

"बदल करता येत नाही, हेमाताई. नियम आहे."

"नळ, निकाळजे. इमारत नाही."

नळ बदलला. दुसऱ्या दिवशी त्याच प्लंबरला बोलावून जुना नळ पुन्हा बसवून घेतला, कारण 'बदल' म्हणजे नक्की कुठून सुरू होतो याची दशरथरावांना खात्री वाटेना. मग हेमाताईंनी त्यांना दारात उभं करून जे सुनावलं, त्यानंतर नवा नळ दुसऱ्यांदा बसला.

नोव्हेंबर उजाडला. तेवीस दिवसांची धास्ती टळली, रक्तदाब थोडा खाली आला, आणि त्याच संध्याकाळी केदार आणि तनया पेढे घेऊन आले.

"काका, गुड न्यूज," केदार म्हणाला. "वाघोलीला फ्लॅट बुक केला होता ना, त्याचं पझेशन मिळालं. वी आर शिफ्टिंग."

"कधी?" दशरथरावांच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"या संडेला. डिपॉझिटची घाई नाही, काका. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

"डिपॉझिट आत्ता नेता का? दुप्पट देतो. पण जानेवारीपर्यंत राहा."

तनयानं केदारकडे पाहिलं. "काका, आर यू ओके?"

त्यांची पाठ वळताच दशरथराव धडपडत वर गेले. सुंदराबाई शिवणयंत्रावर बसल्या होत्या. जुन्या बाजारातून त्यांनी ते आठ दिवसांपूर्वीच आणलं होतं. वापर दिसायला बरं, म्हणून दशरथरावांनीही हरकत घेतली नव्हती. दोन शेजारणी जमिनीवर बसून पोलक्याची मापं देत होत्या आणि टीव्हीवर मालिका चालू होती. दशरथरावांना पाहून सगळ्या गप्प झाल्या. एखाद्या परक्या घरात शिरल्यासारखं त्यांना उगीचच वाटलं.

"चार नंबर रिकामा होतोय," ते म्हणाले.

"मग?"

"मैत्रीला तिकडे पाठवावं लागेल."

मैत्री येरवड्याकडच्या एका बीपीओमध्ये कामाला होती. अमेरिका जागी असेल तेव्हा ती जागी आणि अमेरिका झोपली की ती झोपणार. तिनं वडिलांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, म्हणजे मला होल फ्लॅट? एकटीला?"

"डिसेंबरपर्यंत."

"डन," मैत्री म्हणाली, आणि वडिलांचा विचार बदलायच्या आत उशी घेऊन वर गेली.

अशा रीतीनं निकाळज्यांचं एक कुटुंब तीन घरांत पसरलं. तीन गॅस, तीन बिलं, तीन कुलपं. दशरथराव खाली एकटे बसून स्वतः लावलेला कच्चा भात खायचे आणि वरून येणारं शिवणयंत्राचं घर्रघर्र ऐकायचे. दिवसातून दोनदा तिन्ही मीटरांचे आकडे वहीत उतरवायचे. चार नंबरचा आकडा कमी वाढला की मैत्रीच्या दारावर टकटक करून म्हणायचे, "पोरी, जरा पंखा लाव." आणि ती आतून झोपेत ओरडायची, "बाबा, नोव्हेंबर आहे!"

अशातच मैत्रीला स्थळ सांगून आलं. मुलाचं नाव आयुष साळवे, एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. घर वाघोलीचं. वडील पोपटराव शेती पाहायचे, आई कल्याणीबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका. विहारातल्या ओळखीच्या बाईंनी मध्यस्थी केली होती. मुलगा-मुलगी फोनवर बोलले होते, फोटो पाहिले होते, आणि दोघांनाही पुढे जायला हरकत नव्हती. डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी साळवे मंडळी येणार असं ठरलं.

दशरथरावांनी शुक्रवारी तिघांची बैठक घेतली. "हे बघा, रविवारी आपण एक कुटुंब आहोत. सकाळीच तसबीर, मूर्ती, टीव्ही, सगळं दोन नंबरमध्ये आणायचं. वर कुणी राहतं हे कळता कामा नये. सोमवारपासून पुन्हा वेगळे."

"आणि पाहणीवाले रविवारीच आले तर?" मैत्रीनं विचारलं.

"सरकारी माणूस रविवारी येत नाही," दशरथराव म्हणाले. एवढी एकच गोष्ट ते आयुष्यात खात्रीनं सांगू शकत होते.

सरकारी माणूस रविवारी येत नाही, हे खरं. पण सोयरे शनिवारी येऊ शकतात. पोपटराव साळव्यांनी शनिवारी पहाटे मार्केट यार्डात फ्लॉवर आणला, तो लवकर विकला गेला, आणि कल्याणीबाईंची शाळा सकाळची असल्यानं त्याही दुपारी मोकळ्या होत्या. "एवढ्या जवळ आलोच हाय, तर जाऊन येऊ. सांगून गेल्यावर समदे नटून बसत्यात. न सांगता गेलं की खरं दिसतं," असं पोपटराव बायकोला फोनवर म्हणाले. कल्याणीबाई बसनं आल्या. दुपारी साडेतीनला दोघांनी 'निश्चिंत'चं फाटक उघडलं.

दशरथराव मीटरचे आकडे उतरवत होते. पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस आणि चष्मा लावलेल्या, पर्समधून पत्त्याची चिठ्ठी काढून पाटी वाचणाऱ्या एक करारी बाई त्यांना दिसल्या.

"निकाळजे हितंच राहत्यात ना?" पोपटरावांनी विचारलं. "बघायला आलोय आम्ही."

दशरथरावांनी घाईनं वही मिटली. डिसेंबरचा पहिला आठवडा! शनिवार, म्हणजे कामाचाच दिवस. पोपटरावांच्या पिशवीतून फ्लॉवरचा गड्डा डोकावत होता. पण कामावर असताना भाजी घेऊन येणारी माणसं दशरथरावांनी खात्यात तेहतीस वर्षं पाहिली होती. उलट त्या गड्ड्यानं त्यांची खात्रीच पटली.

"या ना, या साहेब. मॅडम, या. मी वाटच बघत होतो."

आत आल्यावर भिंतीवरची तसबीर पाहून पोपटरावांनी हात जोडले. "जय भीम."

"जय भीम, जय भीम!" दशरथरावांना एकदम धीर आला. साहेब समजून घेतील. त्यांनी चहासुद्धा न विचारता कपाटातली फाईल काढली. "पहिल्यांदा हे बघून घ्या. हा माझा ब्लॉक. इथे मी एकटाच राहतो."

कल्याणीबाईंनी खोलीभर नजर फिरवली. दोरीवर एकच सदरा, ओट्यावर एकच ताट. "एकटे? आणि मिसेस?"

"त्या वर, तीन नंबरला. आमचा एकमेकांशी काही संबंध नाही, मॅडम. पूर्ण वेगळे. चूल वेगळी, गॅस वेगळा, रेशनकार्डसुद्धा वेगळं. हे प्रतिज्ञापत्र."

कल्याणीबाईंनी प्रतिज्ञापत्र वाचलं. पोपटरावांनी ते त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

"कधीपासून?" कल्याणीबाईंनी विचारलं.

"ऑक्टोबरपासून. तेव्हापासून एक दिवससुद्धा खंड नाही. शेजारच्या बाईंना विचारा हवं तर, त्या साक्ष देतील."

"आणि मुलगी? ती कुणाकडे असते?"

"कुणाकडेच नाही," दशरथराव अभिमानानं म्हणाले. "चार नंबरला, स्वतंत्र. एकटी राहते."

"तरणी पोर येकटी?" पोपटराव म्हणाले.

"आता काय करणार, साहेब? आई तिकडे, मी इकडे. आमच्यापैकी कुणाबरोबर ठेवली तर नियमात बसत नव्हतं. त्यात आधी एक जोडपं राहायचं. ते गेलं त्याच दिवशी पोरीला तिथे नेऊन टाकलं. एक दिवस रिकामा ठेवला नाही."

"नेऊन टाकलं?" कल्याणीबाईंचा आवाज शाळेत असावा तसा झाला.

"दिवसा गेलात तर कुलूप दिसेल किंवा ती झोपलेली असेल. रात्रभर बाहेर असते ना. गाडी येते तिला न्यायला. पण वापर चालू आहे, याची मी हमी देतो."

पोपटराव उठून उभे राहिले. त्यांनी पिशवी उचलली. "कल्याणे, चल."

"थांबा," कल्याणीबाई म्हणाल्या. "मला त्या बाईंना भेटायचंय."

"अवश्य! तीन नंबर. जिन्यानं वर, डावीकडे. सगळं तपासा, मॅडम," दशरथराव म्हणाले. साळवे पतीपत्नी जिना चढून गेले. दशरथरावांनी घाम पुसला. पाहणी सुरेख होत होती. साहेब जरा तुटक वाटले, पण बाई बारकाईनं पाहत होत्या. बारकाईनं पाहणारा माणूस त्यांना नेहमीच आवडे.

तेवढ्यात फाटक पुन्हा वाजलं. काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन मच्छिंद्र ढमढेरे आत आले.

"काय निकाळजे, आहात ना घरी? पाहणीला आलोय."

दशरथरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग जिन्याकडे पाहिलं. "तुमची माणसं वर गेलीत ना," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"माझी कुठली माणसं? मी एकटाच आहे."

"मग वर गेलेत ते कोण?"

हा प्रश्न विचारता विचारताच उत्तर त्यांच्या डोक्यात शिरलं. फ्लॉवर. वाघोली. मुख्याध्यापिका. "अरे देवा," असं आयुष्यात कधी न म्हटलेलं वाक्य त्यांच्या तोंडून गेलं आणि ते पायरीवर बसले.

ढमढेरे घाबरले. "काय होतंय? पाणी आणू? अहो, तुमचं काम झालंय. खाली कपडे वाळतायत, वर शिवणयंत्राचा आवाज येतोय. राहता वापर चालू, लिहून टाकलं."

"दोन, तीन, चार, सगळे ब्लॉक बघा एकदा..."

"कशाला? इमारतीत कुणी राहत असलं की झालं. एका ब्लॉकात एक माणूस राहिला तरी पुरे."

"एका?" दशरथराव म्हणाले. "प्रत्येक ब्लॉकात नाही?"

"प्रत्येक ब्लॉकात असं कोण म्हणालं?"

कोणीच म्हणालं नव्हतं. एक नंबरच्या खिडकीतून मात्र आवाज आला. "अठरा वर्षं मी राहतेय इथे. म्हणजे माझ्या एकटीच्या जिवावर इमारत वाचली असती, असंच ना हो?" हेमाताई गजांशी उभ्या होत्या. ढमढेऱ्यांनी मान डोलावली. "छान," हेमाताई म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

दशरथराव कठड्याला धरून जिना चढले. इमारत वाचली होती. पण मुलीचं ठरत आलेलं लग्न आपण आपल्या हातानं, स्टॅम्पपेपरसकट मोडलं, हा विचार प्रत्येक पायरीला जड होत होता. मैत्रीला काय सांगायचं? आणि सुंदराला? तीन नंबरच्या दारात ते थबकले. आतून हसण्याचा आवाज येत होता.

कल्याणीबाई खुर्चीत बसून डोळे पुसत होत्या. रडून नव्हे, हसून. त्यांच्या हातात चहाचा कप होता. शेजारी मैत्री, झोपेतून उठलेली, विस्कटलेल्या केसांची, त्यांना मोबाईलवरचा कुठलासा मेसेज दाखवत होती. पोपटराव टीव्हीसमोर बसून गंभीरपणे बशीतून चहा पीत होते.

"हेच ते," सुंदराबाई म्हणाल्या. "विचारा आता त्यांनाच."

"साहेब, मॅडम, माझी चूक झाली," दशरथराव हात जोडून म्हणाले. "मला वाटलं तुम्ही पालिकेतून..."

"कळलं सगळं," कल्याणीबाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीनं आमच्या आयुषला हे पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलंय म्हणे. त्यानं घरी सांगायचं टाळलं. आता घरी गेल्यावर बघते त्याच्याकडे."

दशरथरावांनी भीत भीत पोपटरावांकडे पाहिलं. पोपटरावांनी बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि निकाल दिला. "मला वाटलं घर मोडलेलं हाय. तसं न्हाय. नुसतं येडं हाय. येडं चालतंय."

निघताना त्यांनी फ्लॉवरचा गड्डा सुंदराबाईंच्या हातात दिला. कल्याणीबाई मात्र जिन्यात जरा मागे रेंगाळल्या आणि हळूच म्हणाल्या, "ताई, एक विचारू? वेगळा गॅस मिळायला किती दिवस लागले?"

लग्न फेब्रुवारीत करायचं ठरलं. त्या रात्री दशरथरावांना कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली. सकाळी उठल्यावर त्यांनी कच्च्या भाताचं पातेलं घासून पालथं घातलं, दोरीवरचा सदरा सारून निम्मी दोरी मोकळी केली, टीव्हीसाठी कोपरा झाडला आणि ते मोठ्या उत्साहानं वर गेले.

"चल, सुंदरा," ते म्हणाले. "संपलं सगळं. सामान खाली न्यायचं."

सुंदराबाई काजं करत होत्या. टीव्हीवर सकाळची गाणी लागली होती. खिडकीत तुळशी-बिळशी नव्हे, तर कढीपत्त्याचं रोप होतं, आणि गळक्या कोपऱ्यातल्या बादलीत त्यांनी शिवणाच्या चिंध्या ठेवल्या होत्या. त्यांनी सुईवरून नजर काढली नाही.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? एका ब्लॉकात राहिलं तरी चालतंय. साहेब म्हणाले ना."

"आज म्हणाले," सुंदराबाई म्हणाल्या. "उद्या नियम बदलला म्हणजे? पिवळ्याचं जांभळं व्हायला किती वेळ लागला? नको बाई. वापर चालू असलेला बरा."

दशरथरावांनी तोंड उघडलं. या बोलण्याला उत्तर असणार, असं त्यांना वाटत होतं. पण ती काळजी इतकी रास्त होती, इतकी त्यांच्या मनातली होती, की खोडून काढायला काही सापडेना.

"मग जेवायचं काय?" त्यांनी शेवटी विचारलं.

"दुपारी या. फ्लॉवर करणार आहे. एक वाजता. त्याआधी बायका असतात मापं द्यायला."

दशरथराव खाली गेले. पेपर वाचला. मीटरचे आकडे उतरवले. एक वाजायला पाच मिनिटं असताना त्यांनी धुतलेला सदरा घातला, भांग पाडला आणि ते पुन्हा वर गेले. सवयीनं हात कडीकडे गेला, पण आत कुणी माप देत असेल तर, असं वाटून त्यांनी तो मागे घेतला आणि बेल वाजवली.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

दशरथरावांनी पुन्हा एकदा भांगावरून हात फिरवला.

"मी," ते म्हणाले. "दोन नंबरचा."